हासळी

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या एस. टी.त बसले, की पाचोड मागे पडल्यावर बहुतेक प्रवाशांचा डोळा लागतो. दोन्ही अंगांना ऊस, मोसंबीच्या बागा, मधूनच कापूस आणि त्यांतून सरळ सुटलेला धुळे-सोलापूर महामार्ग. वडीगोद्रीला जालना-अंबडकडचा रस्ता येऊन मिळतो. तिथे गाडी घटकाभर थांबते, चार माणसे उतरतात, सहा चढतात. पुढे शहागडचा पूल आला, की गोदावरीला हात जोडण्यासाठी झोपलेली माणसे जागी होतात. वडीगोद्रीत मुद्दाम उतरावे, असे कारण माझ्यासारख्या शहरातल्या प्राध्यापिकेला सहसा पडत नाही. मला ते गेल्या माघात पडले. माझा एक विद्यार्थी तिथे हासळी मोडून घरी बसला होता.

हासळी म्हणजे काय, असे नव्या पिढीतले वाचक विचारतील. आमच्या आजीच्या गळ्यात चांदीचे एक जाड कडे असे, ती हासळी. आणि ते कडे ज्या हाडांवर टेकत असे, त्या गळ्याच्या बुडाशी खांद्यापर्यंत गेलेल्या हाडांनाही हासळीच म्हणत. हल्ली आपण सर्वजण कॉलरबोन म्हणतो. सायकलवाल्यांचे हे जणू ठरलेले हाड. माणूस सायकलवरून उडतो तो बहुधा खांद्यावर आपटतो, नाहीतर जमिनीला हात टेकवायला जातो. दोन्ही वेळी तो सगळा धक्का या बोटाएवढ्या जाडीच्या हाडातून छातीकडे जातो आणि ते बरोबर मध्यावर मोडते.

सायकलच्या शर्यतींशी माझा संबंध म्हणाल, तर काडीचा नव्हता. लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणून, मैत्रिणीने मागून कॅरिअर धरलेले असताना चार गुडघे फोडून घेतले, एवढीच माझी मर्दुमकी. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे घरी येणाऱ्या वर्तमानपत्रामुळे ठाऊक होते. हा मुलगा मात्र माझ्या लक्षात राहिला तो एका निबंधामुळे. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी ‘वारा’ हा विषय दिला होता. चाळीस मुलांनी वाऱ्याच्या झुळुका, पानांची सळसळ आणि आईचा पदर लिहिला. याने लिहिले, की वारा म्हणजे पुढचा माणूस आपल्यासाठी फोडतो ती भिंत. पुढच्या सायकलच्या मागे हातभर अंतर ठेवून चालवले, तर पाव हिस्सा, कधी तिसरा हिस्सा जोर वाचतो. म्हणून शर्यतीतली मुले एकमेकांना चिकटून घोळक्याने जातात, पाळीपाळीने पुढे येतात, वारा खातात आणि मागे सरतात. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मी त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले.

तो मुलगा एका निवडीच्या शर्यतीत शेवटच्या तीन किलोमीटरांत पडला. वर्गात बातमी आली, महिना गेला, मोडलेला हात झोळीत असूनही पोरे कॉलेजात येतात, पण हा येईना. फोन उचलीना. मग एका रविवारी मी एस. टी. धरली.

घर गावाच्या कडेला, डाव्या कालव्याच्या बाजूला. ओसरीत ती सायकल एका खुंटीला उलटी टांगलेली, वर जुनी चादर टाकलेली. एखादे न पाहण्यासारखे चित्र झाकून ठेवावे तशी. ती जुनीच घेतलेली होती. तरी तिच्यासाठी मोसंबीच्या आंबे बहाराचे पैसे गेले होते, हे मला त्याच्या वडिलांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितले.

“मॅडम, तुम्हीच सांगा आता,” ते म्हणाले. “लेकरू हातचं गेलं असतं. गिऱ्हाईक बघितलंय मी. इकून टाकतो म्हन्लं.”

मुलगा खाटेवर बसला होता. डावा हात पट्टीत. “या मॅडम,” म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे पाहू लागला. मी विचारत गेले, तो ‘हो’ आणि ‘नाही’ देत गेला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली नव्हती. हाडाची टोके फारशी सरकली नव्हती, म्हणून झोळीवरच भागले. सहा ते बारा आठवड्यांत जुळेल म्हणाले होते, आणि जुळत होते. खरचटल्याच्या जखमाही भरल्या होत्या. मांडीवरचे कातडे डांबराने सोलले, की ते साबणाच्या पाण्याने धुऊन, खडा न् खडा काढून, झाकून ओलसर ठेवावे लागते आणि धनुर्वाताची सुई घ्यावी लागते. उघड्यावर टाकून खपली धरू देणे हा आपला जुना हट्ट बरोबर नव्हे. हे सगळे नीट झाले होते. म्हणजे वैद्यकाच्या वहीत मुलगा जवळजवळ बरा होता.

फडताळात त्याचे हेल्मेट ठेवले होते. वडील म्हणाले, “हे तेवढं चांगलं हाये, धाकट्याला होईल.” मी उलटे करून पाहिले. वरून एक ओरखडा. आतला पांढरा फेस मात्र एका बाजूने पिचून त्याला केसासारखी चीर गेलेली. हेल्मेट एकदाच माणसाला वाचवते. आतला फेस स्वतः चेपून डोक्याचा मार आपल्यावर घेतो, आणि मग त्याचे काम संपते. व्यावसायिक शर्यतींतही ते फार उशिरा सक्तीचे झाले. २००३ च्या मार्चमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह पॅरिस-नीस शर्यतीत हेल्मेटवाचून पडला आणि डोक्याच्या माराने गेला. त्यानंतर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम केला. मी ती चीर वडिलांना दाखवली. ते बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिले.

आई मला आत घेऊन गेली. चुलीपाशी बसवून चहा दिला. “हात बरा व्हायलाय मॅडम, पर मन ठिकाणावर नाही. रातीचं दचकून उठतंय. सायकलचं नाव काढलं की उठून जातंय. त्याचे आबा इकतो म्हनत्यात तर हा इका म्हनतो. दोघांची एक बोली झाली, त्याचंच मला भ्या वाटतंय.”

माऊलीने नेमके बोट ठेवले होते. मराठीत पडण्याला शब्द किती आहेत पाहा. मूल धडपडते, पाय घसरतो, म्हातारा कोलमडतो, भिंत कोसळते, घोडेस्वार उलथतो. पण पडलेला माणूस उठून बसला आहे आणि अजून उभा राहिलेला नाही, त्या मधल्या अवस्थेला आपल्याकडे शब्द नाही. मी वीस वर्षे भाषा शिकवते. त्या दिवशी मला हे प्रथमच जाणवले.

मी मास्तरकीच्या सवयीने थोडे वाचून गेले होते. ओसरीत येऊन मी त्याला आनमीक व्हान फ्लोटन या डच बाईची गोष्ट सांगायला घेतली. २०१६ चे रिओ ऑलिंपिक, ७ ऑगस्ट. बाई एकटी सर्वांच्या पुढे, व्हिस्ता चिनेझाचा उतार, रस्ता ओलसर. एका वळणावर ती उडाली आणि कडेच्या दगडी काठावर पडली, ती हलेचना. मेंदूला धक्का, कमरेच्या मणक्यांना तीन ठिकाणी चिरा. सोन्याचे पदक तिच्याच देशाच्या आना व्हान डर ब्रेगेनला मिळाले.

“२०१७ ला ती टाइम ट्रायलची जगज्जेती झाली,” मुलगा भिंतीकडे पाहतच म्हणाला. “टोकियोला सोनं घेतलं. २०२२ ला ऑस्ट्रेलियात कोपराचं हाड मोडलं, अन् तीनच दिवसांनी रोड रेस जिंकली. एकोणचाळीस वर्षांची होती.”

म्हणजे माझ्यापेक्षा त्यालाच जास्त माहीत! मी खजील झाले, पण बोलला तर खरा. मग मी म्हटले, “तू एगान बेर्नालबद्दल सांग.” हे नाव मी कागदावर लिहूनच नेले होते.

कोलंबियाचा हा पोरगा बावीस वर्षांचा असताना २०१९ मध्ये टूर द फ्रान्स जिंकला. २४ जानेवारी २०२२ ला बोगोटाजवळ सराव करताना, मान खाली घालून भरधाव जात असता तो एका थांबलेल्या बसच्या मागच्या बाजूवर आदळला. मणके, मांडी, गुडघ्याची वाटी, बरगड्या मिळून वीसेक हाडे मोडली, फुप्फुसांना भोके पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो पुन्हा शर्यतीत उतरला. मात्र पूर्वीसारखे जिंकायला त्याला वर्षे लागली. २०२५ च्या फेब्रुवारीत तो देशाचा विजेता झाला आणि त्याच महिन्यात स्पेनमध्ये पडून त्याची हासळी मोडली. सप्टेंबरात स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, व्हुएल्टात, त्याने एक टप्पा जिंकला.

थांबलेल्या बसचे ऐकून वडील पुढे सरकले. गाळपाच्या दिवसांत आमच्या या महामार्गावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे दिवा नसताना अंधारात उभ्या असतात, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. “ते पोरगं तिकडलं असून बी तसंच झालं म्हनायचं,” ते म्हणाले. आणि दिवसा उजेडी चालवण्याविषयी, ट्रॉलीला लाल पट्टी लावण्याविषयी त्यांनी जे व्याख्यान दिले, त्यात सायकल विकण्याचा विषय कुठे नव्हता, हे मी मनात टिपून ठेवले.

परंतु सगळेच परत येत नाहीत, आणि हे मुलापासून लपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. रोझे रिव्हियेर नावाचा फ्रेंच सायकलपटू होता. एका तासात सर्वांत जास्त अंतर तोडण्याचा जागतिक विक्रम त्याच्या नावावर होता. १९६० च्या टूर द फ्रान्समध्ये इटलीच्या नेन्चिनीचा पाठलाग करताना पेर्ज्युरे खिंडीच्या उतारावर तो कठडा ओलांडून दरीत गेला. पाठीचा कणा मोडला. वय अवघे चोवीस. पुन्हा शर्यत नाही. आधी त्याने ब्रेकला दोष दिला, सायकल नीट करणाऱ्या माणसाला दोष दिला. पुढे त्याने स्वतःच कबूल केले, की त्याने वेदना मारणारे जबर औषध घेतले होते. बोटे इतकी बधिर झाली होती, की ब्रेक दाबला जात नव्हता.

हे मी सांगितले ते खरे तर दुखणे दाबून सायकलवर बसू नये, एवढ्यासाठी. मुलाने दुसरेच ऐकले. तो एकदम माझ्याकडे वळला. “ब्रेकवाल्याला लोकांनी काय केलं असंल मॅडम?”

मी म्हटले, “का रे?”

वडील ट्रॉलीवाल्याला फोन करायला बाहेर गेले होते. बहीण कोपऱ्यात गृहपाठ करीत होती. मुलगा खालच्या आवाजात बोलू लागला. घोळक्यात चाळीसजण होते. आपला दोस्त कुठवर आला म्हणून त्याने एकदाच मागे वळून पाहिले. तेवढ्यात पुढचा मुलगा वितीएवढा बाजूला झाला, आणि याचे पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाला घासले. घोळक्यातल्या अपघाताचे हे साधे गणित असते. चाकाला चाक घासले, की पुढच्याला फक्त धक्का जाणवतो आणि तो निघून जातो. पडतो तो मागचा, कारण त्याचे हँडल वळण्याची वाट बंद होते. हा पडला. याच्या मागून येणारा दुसऱ्या कॉलेजचा मुलगा याच्या अंगावरून उडाला आणि त्याचे मनगट दोन ठिकाणी मोडले. चौकशी करणाऱ्यांना याने सांगितले, की पुढच्याने मुद्दाम आडवी घातली. सगळ्यांनी विश्वास ठेवला. पुढच्या मुलाला लोक नाही नाही ते बोलले.

“मीच मागं बघितलं मॅडम. मलाच दिसत नव्हतं पुढचं.”

रात्री दचकून उठण्याचे कारण हे होते! आम्ही सर्व हासळीला पट्ट्या बांधीत होतो. मी काही उपदेश केला नाही. करण्यासारखा काही सुचलाही नाही. एवढेच विचारले, “त्या मनगटवाल्याचा नंबर आहे का तुझ्याजवळ?” तो होता म्हणाला. मी पाचची एस. टी. पकडून परत आले. वाटेत मला सारखे वाटत राहिले, की आपण पोरावर फार मोठे ओझे ठेवून आलो.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. आधी पुढच्या मुलाला केला, त्याने शिव्या देऊन फोन ठेवला. मग मनगटवाल्याला केला. सगळे सांगितले. तिकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग तो मुलगा म्हणाला, “मला माहीत होतं. मी तुझ्या मागंच होतो ना.” आणि विचारले, “खांदा कसाय?”

त्याला ठाऊक होते, आणि महिनाभर त्याने कोणाला सांगितले नव्हते. का, ते मी विचारले नाही आणि आमच्या मुलानेही नाही. दोन दिवसांनी याने संघाच्या प्रशिक्षकांना चिठ्ठी लिहून खरी हकिकत कळवली. ती चिठ्ठी त्याने आधी मला दाखवली. मी तिच्यातल्या चार चुका सुधारल्या. पुढच्या मुलाने मात्र पुन्हा फोन उचलला नाही.

सायकल खुंटीवरून उतरली ती या नंतर. रस्त्यावर नव्हे. पुण्यात राहून तयारी करणाऱ्या लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांची हकिकत मुलाने मला सांगितली होती. २०१९ मध्ये अमेरिकेतली आडवी शर्यत, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची, तोंडावर असताना सरावात पडून त्यांचीही हासळी मोडली आणि शर्यत हुकली. पुढल्या वर्षी साथीमुळे ती शर्यत रस्त्यावर झालीच नाही. तेव्हा ते पुण्याच्या घरात जागच्या जागी बसवलेल्या सायकलवर बारा दिवस पायडल मारीत राहिले, चार हजारांहून अधिक किलोमीटर, आणि जगभरातून भाग घेतलेल्यांत तिसरे आले. हीच ती शर्यत, जी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली होती.

असा तयार सांगाडा विकत घ्यायचा, तर पुन्हा एक बहार गेला असता. वडिलांनी फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा एक स्टँड करून घेतला. मागचे चाक जमिनीपासून उचललेले, त्याला टेकून बेअरिंगवर फिरणारा लोखंडी पाइप. गरगर असा आवाज करी, की शेजारच्या म्हशी पहिले दोन दिवस दूध देईनात. डॉक्टरांनी परवानगी दिली होती: ताठ बसून, डाव्या हाताचा भार न देता, पहिल्या दिवशी दहा मिनिटे. धाकटी बहीण भिंतीवर खडूने मिनिटे लिहून ठेवी. मी चैत्रात पुन्हा गेले तेव्हा भिंत निम्मी भरली होती. एके ठिकाणी शून्य होते. “त्या दिवशी दादा रडला,” तिने मला कानात सांगितले.

एक्स-रेत हाड जुळलेले दिसले, तरी रस्त्यावर जायला त्याने आणखी तीन आठवडे घेतले. हाडाच्या जोडावर एक गाठ आली आहे. ती राहणार, काही वर्षांत थोडी झिजेल. नवे हेल्मेट वडिलांनी स्वतः संभाजीनगरला जाऊन आणले आणि जुने टाकून न देता ओसरीत खिळ्याला अडकवले. त्यात आता आई लसूण ठेवते.

यंदा दसऱ्याला मी तिथे होते. सोने वाटून झाल्यावर मुलगा म्हणाला, “मॅडम, शहागडपर्यंत जाऊन येतो.” बरोबर आणखी तिघे होते. त्यांत एक पाहुणा, एस. टी.च्या टपावर सायकल घालून आलेला. त्याच्या उजव्या मनगटावर टाक्यांची लांब खूण होती. मी आणि त्याचे वडील मोटारसायकलवर मागे निघालो. मावळतीचा वारा समोरून होता. तिघे पुढे गेले, आणि आमचा मुलगा सर्वांत मागे, पुढच्या चाकापासून चांगले चार हात सोडून. इतके अंतर सोडले, की वाऱ्याचा आडोसा कमी मिळतो, जोर जास्त लागतो. त्याची पाठ घामाने भिजलेली मला दिसत होती.

“लई मागं राहिलाय,” वडील म्हणाले.

कालव्याचा पूल ओलांडल्यावर पाहुणा मुलगा वेग कमी करून मागे आला. काही बोलला, की नुसताच हसला, ते आमच्या फटफटीच्या आवाजात कळले नाही. तो याच्या पुढ्यात येऊन चालवू लागला. अंतर चार हात होते, ते तीन झाले. काही वेळाने दोन. गोदावरीचा पूल दिसू लागला तेव्हा हातभर उरले होते. वडिलांनी गाडी जरा मागे घेतली आणि दिवा लावला.